प्रतिमा कोणाची?

ईश्वराने मनुष्यमात्र आपल्या प्रतिरूपात निर्माण केला, असे बायबल सांगते. पुरुषसूक्ताने मात्र ब्राह्मण मुखाच्या ठायी व शूद्र पायांच्या ठायी कल्पिला. अस्पृश्याला त्या देहात पायाइतकीही जागा दिली नाही.

कामथडीहून भोरमार्गे वरंधा घाट उतरला की महाड लागते. तेथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. गुरांना जेथे मज्जाव नव्हता, ते तळे माणसाच्या स्पर्शाने बाटले म्हणून पंचगव्याने शुद्ध करण्यात आले! शुद्धी करणाऱ्यांना पाषाणात देव दिसत होता. जिवंत माणसात दिसला नाही.

म्हणून मनुष्य ईश्वराची प्रतिमा आहे असे जो म्हणेल, त्याला विचारा: त्या प्रतिमेला तुमच्या पाणवठ्यावर, पंक्तीत, सोयरिकीत स्थान आहे काय? ख्रिस्ती झालेल्यांतही जात उरलीच.

बुद्धाने मनुष्याची थोरवी कोणाच्या साम्यावर ठेवली नाही, आचरणावर ठेवली. माणसाची प्रतिष्ठा उसनी नसते. परंतु बौद्ध म्हणविणारे आपण सोयरीक जुळविताना पोटजात विचारीत असू, तर वरील प्रश्नाचे उत्तर प्रथम आपणच दिले पाहिजे.