चाळ आणि तिच्या आठवणी

मुंबईत बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने गिरणगावातील कामगारांसाठी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ तीनमजली इमारती. मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा बोळ, टोकाला सामाईक संडास. खोली साधारण १६० चौरस फुटांची. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या पुरुषांचे गाळे, म्हणजे सामाईक खोल्या, इथे चालत. गिरणीच्या पाळीप्रमाणे एकाची वळकटी उठली की दुसऱ्याची पसरे.

पुढे इथे कुटुंबेही राहू लागली. या चाळींत वाढलेल्यांना बोळ आठवतो तो खेळाची जागा म्हणून. उघडी दारे, वाटीभर साखरेची देवाणघेवाण, गणपतीची वर्गणी, कबड्डीचे मैदान. या स्मरणरंजनातून पहाटेची संडासाची रांग मात्र अलगद गळते. नव्या सुनेला खोलीत क्षणभराचाही आडोसा नसे, हेही. जानेवारी १९७४ ची दलित पँथर आणि शिवसेना यांच्यातील दंगल वरळीच्या याच चाळींत पेटली. शेजार होता, पण जातीची रेघ पुसली गेली नव्हती.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील चाळींचा पुनर्विकास म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आहे. पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. ही घरे चाळीस मजली मनोऱ्यांत आहेत.