एक चकली तळून पाहा

चकली तेलात पडताच विरघळू लागली, की आमच्या स्वयंपाकघरात एकदम सभा भरते. सौ. म्हणते, तेल नीट तापले नव्हते. कन्या म्हणते, भाजणीच बिघडली. मी दाराशी उभा राहून सोऱ्यावर शंका घेतो. माझी आई मात्र खुर्चीतून न उठता विचारते, "मोहन किती घातलं होतं?" आणि उत्तर ऐकून सांगते, "जास्त झालं. मूठभर भाजणी आणखी मळून घाला. पण सगळ्या पाडून ठेवू नका. आधी एक तळून पाहा."

दर महिन्याला या सदरात शब्दांच्या व्युत्पत्त्या सांगणारा हा मास्तर दिवाळी अंकात चकलीवर का घसरला, असे वाचकांना वाटेल. पण मला सांगावयाचे आहे ते चकलीविषयी नव्हे, संगणकाविषयी. यंदा, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी पडद्यावर स्वतःची खिडकी उघडणारा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. तो लिहिताना मी ज्या ज्या खड्ड्यांत पडलो, ते सारे नवशिक्यांचे ठरलेले खड्डे आहेत, असे आमच्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या कन्येचे मत पडले. हल्ली घरोघरी कोणी ना कोणी हे शिकत असते. त्यांतल्या एकाचा जरी पाय वाचला, तरी माझे लंगडणे सार्थकी लागले असे मी समजेन.

या उद्योगाचे कारण माझी आई. तिचे वय एकोणऐंशी. तिचे माहेर मुळशी खोऱ्यातले. लहानपणी पहाटे आईच्या समोर बसून जात्याच्या खुंट्याला हात लावता लावता तिने शेकडो ओव्या ऐकल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. स्वतःच्या घरातल्या ओव्या लिहून घ्याव्यात हे मात्र मला सुचले ते आई कालची भाजी विसरू लागली तेव्हा. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या अशा ओव्या वेगवेगळ्या लावता याव्यात आणि हवी ती चटकन सापडावी, म्हणून वही न घेता मी संगणक घेतला.

कन्येने पायथॉन ही भाषा सुचवली. गीदो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली लोकांपुढे आणली. तिच्यासोबत टीकेइंटर नावाचे साहित्य फुकट मिळते. खिडक्या, बटणे, लिहिण्याच्या चौकटी, सारे त्यात तयार असते. आपण फक्त मांडायचे. मी मांडले. शिकाऊ संपादकातून चालवले तर खिडकी दिसे. पण तीच फाईल दोनदा टिचकी मारून उघडली, की खिडकी विजेसारखी चमकून नाहीशी होई. दोन संध्याकाळी मी संगणकाला दोष दिला. दोष शेवटच्या ओळीचा होता, म्हणजे मी न लिहिलेल्या ओळीचा. खिडकी मांडून झाली की 'मेनलूप' सुरू करावा लागतो. मेनलूप म्हणजे दारावरचा गडी. कोणी बटण दाबले, कोणी अक्षर टंकले, की तो वर्दी देतो. कोणीच आले नाही तरी उभा राहतो. मी गडीच नेमला नव्हता. सांगितलेली कामे संपली आणि प्रोग्रॅम दार लावून निघून गेला. शिकाऊ संपादक आतून स्वतःचा गडी उसना देत होता, म्हणून तेथे चोरी उघडकीस आली नाही.

गडी नेमला. एक मोठी चौकट, तिच्याखाली 'जतन करा' असे बटण. श्रावणातल्या एका दुपारी आई रंगात आली. ती म्हणत गेली, मी टंकत गेलो. वर्तमानपत्राच्या कडेला मी रेघा ओढत होतो. सत्तावीस ओव्या झाल्या. त्यांतली एक माझ्या आजीने स्वतः जोडलेली होती. तिच्यात माझ्या आईचे लहानपणचे नाव होते. ते नाव मी जन्मात प्रथम ऐकले. मधून मधून मी इमाने इतबारे बटण दाबत होतो. सायंकाळी खिडकी बंद केली आणि चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल उघडली. फाईल होती, पण तिच्यात एक कोरी ओळ होती.

माझी चूक एका कंसाची होती. जतन करण्याच्या कृतीला मी 'जतन' असेच नाव दिले होते. पायथॉनला देवनागरी नावे चालतात. बटणाला सांगताना नुसते 'जतन' लिहायचे, म्हणजे "दाबल्यावर हे कर" असा अर्थ होतो. मी 'जतन' लिहून पुढे रिकामा कंस घातला. कंस घातला की "आत्ताच्या आत्ता कर" असा अर्थ होतो. प्रोग्रॅमने तसेच केले. खिडकी उघडतानाच, चौकट रिकामी असताना, त्याने ते रिकामपण जतन केले आणि बटणाच्या हाती काहीच ठेवले नाही. मग मी दिवसभर दाबले काय आणि न दाबले काय! चुकीचा एक शब्दही पडद्यावर आला नाही, कारण व्याकरणदृष्ट्या माझे वाक्य शुद्ध होते.

हे सारे मी आईला समजावून सांगितले. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे पंगत बसायच्या आधीच वाढपी वाढून मोकळा झाला." त्या विषयावरच्या पुस्तकांत याहून चांगली उपमा मला आढळलेली नाही. मग तिने विचारले, "आणि एक ओवी लिहून, बटण दाबून, उतरली का ते पाहिलं नाहीस?" मी पाहिले नव्हते. भाजणीची पारख न करता मी सगळा घाणा कढईत सोडला होता.

कंस काढला आणि बटण दाबले. या वेळी दुसऱ्या काळ्या खिडकीत इंग्रजी ओळींची रांग उभी राहिली. ती पाहून नवशिका ते सारे मिटवून टाकतो. तसे करू नये. ती रांग खालून वाचावी. शेवटच्या ओळीत चुकीचे नाव असते आणि तिच्या वर, आपल्या लिखाणातली कितवी ओळ अडली ते असते. माझ्या शेवटच्या ओळीचा भावार्थ असा, की ही अक्षरे मला लिहिता येत नाहीत. पुष्कळ विंडोज यंत्रांवर पायथॉन फाईल उघडतो तेव्हा तो जुनी, युरोपीय अक्षरांपुरती लिपिसारणी गृहीत धरतो. तिच्यात देवनागरी नाहीच. आदल्या दिवशी त्याने कोरी ओळ विनातक्रार लिहिली, कारण कोरेपणाला लिपी लागत नाही. फाईल उघडताना 'यूटीएफ-८' ही सारणी आपण स्पष्ट सांगितली, लिहिताना आणि वाचतानाही, की हा तंटा मिटतो.

त्याच ओळीत आणखी एक सापळा दडलेला असतो. फाईल 'डब्ल्यू' या खुणेने उघडली, तर आतले आधीचे सारे पुसले जाते, आणि तेही उघडताक्षणीच, नवे लिहिण्यापूर्वी. म्हणजे आजच्या रिकाम्या चौकटीखालचे बटण चुकून दाबले, तर कालच्या ओव्या गेल्या. शेवटी भर घालावयाची असेल तर 'ए' ही खूण वापरावी.

एकदा हात पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. दर पाच मिनिटांनी आपोआप जतन व्हावे म्हणून मी लिहिले: जतन कर, तीनशे सेकंद झोप, पुन्हा जतन कर, असे अखंड. परिणाम असा झाला, की खिडकी पांढरीफटक पडली आणि 'प्रतिसाद देत नाही' असा फलक लागला. कारण दारावरचा गडी एकच आहे! त्यालाच मी पाच पाच मिनिटे झोपायला पाठवले. मग दार कोण उघडणार? यासाठी 'आफ्टर' नावाची सोय आहे. "तीन लाख मिलिसेकंदांनी मला हाक मार" असे गड्याला सांगून ठेवावे आणि त्याला आपल्या कामावर जाऊ द्यावे. जतन झाले, की पुढची हाक पुन्हा सांगावी. मात्र येथेही नुसते 'जतन'. मी येथेही कंस घातला होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

खिडकीच्या कोपऱ्यात आईचा जात्याजवळ बसलेला जुना फोटो लावावा असे मनात आले. ते जाते आता बाल्कनीत आहे. त्यावर कुंडी ठेवली आहे. फोटो लावला, तर त्याच्या मापाची जागा तेवढी रिकामी दिसे. चूक दाखवणारी ओळ एकही नाही. कन्येने उलगडा केला. मी चित्र एका कृतीच्या आत उघडले होते. ती कृती संपली, की तिच्यातली तात्पुरती नावेही संपतात. आणि ज्या वस्तूला कोणी नावाने धरून ठेवलेले नाही, ती पायथॉन केरात काढतो. चित्राला कृतीबाहेर टिकणाऱ्या एखाद्या नावाशी बांधून ठेवले, की ते जागेवर राहते. हे ऐकताना मला त्या दुपारी ऐकलेले आईचे नाव आठवले. मी काही बोललो नाही.

शेवटचा खड्डा खास मराठी माणसाचा. शोधाच्या चौकटीत 'सासऱ्या' असे टंकले, तर समोर दिसणारी ओवीही प्रोग्रॅमला सापडेना. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. माझा कळफलक एक रीत लिहितो, कन्येचा दुसरी. आणि काही ओव्या तिने टंकल्या होत्या. साठवताना आणि शोधताना एक रीत दुसरीत बदलून घेतली, तेव्हा सासरे सापडले. ऱ्हस्वदीर्घावरून मुलांना झोडपणाऱ्या मला, डोळ्यांना न दिसणारी शुद्धलेखनाची चूक असू शकते, हे तेव्हा कळले.

या सगळ्यातून नवशिक्याने घ्यावे ते इतकेच. संगणक आपल्या मनातले करीत नाही; आपण लिहिलेले करतो. म्हणून काही बिघडले, तर प्रथम आपले लिखाण जसे आहे तसे वाचावे, जसे असावे असे वाटते तसे नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार बदलल्या तर कशाने सुधारले ते कळत नाही. मोठा प्रोग्रॅम अडला तर त्यातला अडलेला तुकडा वेगळा काढून, पाच ओळींत लिहून पाहावा. घरात ऐकणारे कोणी असेल तर त्याला मोठ्याने समजावून सांगावे. निम्म्या चुका सांगता सांगता सापडतात. आणि मोलाची वस्तू हाती घेण्यापूर्वी बिनमोलाच्या वस्तूवर पारख करावी.

आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी मी उत्तरपत्रिकेच्या समासात तांबड्या शाईने 'विचार करून लिहा' असे लिहीत असे. पायथॉन मला निदान कितवी ओळ अडली ते सांगत होता. मी मुलांना तेवढेही सांगत नव्हतो. यंदा सहामाहीचे पेपर तपासताना मी ते वाक्य एकदाही लिहिले नाही. कोठे चुकले, तेथे खूण केली. वेळ दुप्पट लागला.

सत्तावीसपैकी एकोणीस ओव्या आईने पुढे हळूहळू पुन्हा सांगितल्या. तिच्या नावाची ओवी त्यांत नव्हती. कसे सुरू होते ते तिला आठवे. पुढे हात हवेत फिरे आणि थांबे. "बसून आठवत नाही रे," ती म्हणाली, "हात चालला पाहिजे."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही बाल्कनीतली कुंडी उतरवली, जाते धुऊन आत आणले आणि नवा खुंटा ठोकला. चकलीची भाजणी यंदा गिरणीत न देता थोडी घरी दळू, असे सौ.नेच सुचवले. आईच्या समोर कन्या बसली आहे. मी शेजारच्या खोलीत संगणक उघडून बसलो आहे. 'परीक्षा' असा एक शब्द टंकला, बटण दाबले आणि फाईल उघडून पाहिली. उतरला आहे. जात्याची घरघर सुरू झाली आहे. अजून ओवी आलेली नाही.