जुना लॅपटॉप भंगारात काढण्याआधी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला 'विंडोज १०'चे नियमित सुरक्षा अपडेट बंद केले. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दादा-ताईकडून आलेले कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका फटक्यात 'जुने' ठरले. जामखेड-पारनेरहून येऊन सावेडीत खोली करून राहणाऱ्या पोरांनी नव्यासाठी पैसे आणायचे कुठून? मग कुणाकडून तरी 'क्रॅक' टाकून घ्यायचा. व्हायरस त्यात फुकट.

दुसरा रस्ता आहे लिनक्सचा. पण नाव काढलं की काळा पडदा आणि कमांड डोळ्यांपुढे येतात. हे चित्र आता खूप जुनं झालं. तुमच्या खिशातला अँड्रॉइडही लिनक्सवरच उभा आहे, आणि लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये तो लिहायला घेतला तेव्हा तोही २१ वर्षांचा कॉलेजकुमारच होता.

'लिनक्स मिंट' किंवा 'उबुंटू' मोफत उतरवा. 'रूफस'ने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप चालू करताना एफ१२ किंवा एफ९ दाबून (कंपनीगणिक बटण बदलतं) पेनड्राइव्ह निवडा. खरी गंमत इथे आहे: काहीही इन्स्टॉल न करता लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं. वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, बघून घ्या. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथे.

पटलं, तर पुढे भाषा, कीबोर्ड, नाव, पासवर्ड एवढंच विचारतात. एसटीचा पास काढताना याहून जास्त विचारतात! थांबायचं फक्त एका पडद्यावर, 'इरेज डिस्क' दिसेल तिथे. पहिल्या वेळी आम्ही घाईत तेच दाबलं आणि प्रोजेक्टचा अख्खा रिपोर्ट पुन्हा टाइप करत बसलो. म्हणून आधी सगळ्या फायलींची कॉपी दुसरीकडे ठेवा. विंडोजही हवं असेल तर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवण्याचा पर्याय निवडा; बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. टॅली आणि फोटोशॉप लिनक्सवर थेट चालत नाहीत, तेव्हा कॉमर्सवाल्यांनी विंडोज उडवायची घाई करू नये. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मात्र सेटिंगमधूनच जोडता येतो.

एकट्याने करायची भीती वाटते, हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच जिल्ह्यातल्या कॉलेजांकडे एक मागणी: एका शनिवारी कॉम्प्युटर लॅब सगळ्या शाखांच्या मुलांसाठी उघडी ठेवा. एक जाणकार सर, दोन सीनिअर आणि चार पेनड्राइव्ह पुरे. मुलांनी चार्जर आणावा, आणि फायलींची कॉपी घरूनच करून यावं.