‘वैमानिकाची चूक’ एवढे लिहून फाइल बंद करू नका!

उड्डाणशाळांचे चालक, इन्स्ट्रक्टर, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि धावपट्टीशेजारच्या गावांतील नागरिक यांना जाहीर आवाहन



शिकाऊ विमान पडले की आपल्याकडे तीन दिवसांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी शेतात उलट्या पडलेल्या विमानाचे फोटो. दुसऱ्या दिवशी ‘तांत्रिक बिघाड की मानवी चूक?’ हा मथळा. तिसऱ्या दिवशी चौकशीचे आदेश. पुढे यथावकाश अहवाल येतो, तोवर सगळ्यांना विसर पडलेला असतो. त्या अहवालातली एकच ओळ तोंडोतोंडी होते : वैमानिकाचा विमानावरचा ताबा सुटला. झाले! चूक करणारा सापडला, बाकीचे सुटले.

ताबा सुटला हे खरेच असते. पण तो सुटेल अशी परिस्थिती कोणी तयार केली, ती कोणाला आधी दिसत होती आणि तरी विमान धावपट्टीवर कसे गेले, हे विचारायचे कोणी? धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया इथे रोज पोरे-पोरी विमान शिकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच आठवड्यात एकाच शाळेची दोन शिकाऊ विमाने कोसळली आणि देशाच्या विमान वाहतूक नियामकाला, म्हणजे डीजीसीएला, त्या शाळेची उड्डाणे थांबवावी लागली. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असते, हे मान्य. पण छोट्या विमानांच्या जीवघेण्या अपघातांत एक प्रकार जगभर पुन्हा पुन्हा दिसतो, आणि तो टाळता येतो. म्हणून हे पत्रक.

पाचशे फुटांवर काय होते?

अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २००८ ते २०१४ या काळातल्या छोट्या विमानांच्या जीवघेण्या अपघातांचा हिशेब मांडला. जवळजवळ निम्म्या अपघातांत विमान हवेतच वैमानिकाच्या हातून निसटले होते. आणि ते निसटायची सर्वांत घातक जागा म्हणजे जमिनीलगतची : टेकऑफनंतरची चढण, उतरण्याआधीचे शेवटचे वळण आणि उतरणे सोडून पुन्हा वर जाणे, ज्याला गो-अराउंड म्हणतात.

चालत्या एसटीच्या खिडकीबाहेर तळवा काढा. वाऱ्याकडची बाजू थोडी वर केली की हात उचलला जातो. आणखी वर केली की उचल संपते, हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचेही तेच होते. वाऱ्याशी त्याचा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंख विमान तोलून धरत नाही. याला स्टॉल म्हणतात. यात इंजिन बंद पडलेले नसते, बहुतेक वेळा ते उत्तम चालू असते.

आता शेवटचे वळण पाहा. विद्यार्थिनी बेस लेगवर, म्हणजे या वळणाआधीच्या धावपट्टीला आडव्या टप्प्यावर आहे, जमीन पाचशे-सहाशे फूट खाली. मागून वारा आहे, त्यामुळे विमान अपेक्षेपेक्षा पुढे सरकते आणि धावपट्टीची सरळ रेषा हुकते. ती वळण घट्ट करू पाहते. जमीन जवळ, म्हणून विमान फार कलवायची भीती. मग नाक फिरवण्यासाठी पाय आतल्या बाजूचा रडर, म्हणजे शेपटीची उभी फळी फिरवणारे पेडल, दाबतो. त्याने कल वाढतो, तो आवरायला हात एलेरॉन, म्हणजे पंखांवरची कल बदलणारी पट्टी, उलटा देतो. नाक खाली झुकते, ते उचलायला हात योक, म्हणजे विमानाचे सुकाणू, मागे ओढतो. रडर एकीकडे, एलेरॉन दुसरीकडे, योक पोटाशी. समोर पॅनेलवर, विमान घसरत वळतेय हे दाखवणारा छोटा काळा बॉल नळीच्या टोकाला जाऊन बसलेला असतो. पण तिचे डोळे बाहेर, हुकणाऱ्या धावपट्टीवर. आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्याच बाजूला उलटून गिरक्या घेत खाली येऊ लागते. याला स्पिन म्हणतात.

सेस्ना १५२ चे मॅन्युअल सांगते की स्पिनचा एक फेरा आणि त्यातून सावरणे यासाठी हजार फूट उंची जाते असे धरा. तिच्याकडे आहे त्याच्या निम्मी. ती कितीही हुशार असली तरी हे गणित सुटत नाही.

कल वाढला की हिशेब आणखी बिघडतो. सरळ उडताना ४८ नॉट्सला स्टॉल होणारे विमान ६० अंश कलवून त्याच उंचीवर ठेवू गेलात, तर ते ६८ नॉट्सलाच स्टॉल होते. हे आकडे लेखी परीक्षेत सगळ्यांना पाठ असतात. पाचशे फुटांवर ते हातापायांत असतात का, हा प्रश्न आहे.

ह्यूस्टनने काय शिकवले?

९ जून २०१६. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा हॉबी विमानतळ, भर दुपार. सिरस एसआर-२० हे छोटे विमान, आत तिघे. इंजिन ठीक, विमान ठीक. या जातीच्या विमानाला स्वतःचे पॅराशूटही असते, पण जमिनीलगत ते उघडायला उंचीच पुरत नाही. मोठ्या जेट विमानांच्या गर्दीत नियंत्रकांनी या विमानाला उतरता उतरता परत पाठवले, धावपट्टी बदलली, सूचनांवर सूचना दिल्या. एकामागून एक गो-अराउंड झाले. शेवटच्या वेळी पुरेसा वेग येण्याआधीच फ्लॅप्स, म्हणजे कमी वेगात जादा उचल देणाऱ्या पंखांमागच्या पट्ट्या, मिटल्या गेल्या. विमान स्टॉल होऊन गिरक्या घेत विमानतळाबाहेर उभ्या असलेल्या एका मोटारीवर कोसळले. तिघेही गेले.

एनटीएसबीने गो-अराउंडची पद्धत चुकली हे पहिले कारण म्हणून स्पष्ट लिहिले. पण तेवढ्यावर पेन खाली ठेवले नाही. पहिल्या नियंत्रकाने विमानाला विमानतळाभोवतीच घिरट्या घालत ठेवले आणि दुसऱ्याने ऐन नाजूक क्षणी विनाकारण गुंतागुंतीची सूचना दिली, हेही अपघाताला हातभार लावणारे ठरवले. वैमानिकाने ठामपणे ‘मला हे जमणार नाही’ असे म्हटले नाही, याचीही नोंद केली.

‘जमणार नाही’ म्हणायला आपण कोणाला शिकवतो? आपल्या घरात नाही, शाळेत नाही, उड्डाणशाळेत तर नाहीच.

तास मोजणारी दुकानदारी

कमर्शियल परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते, त्यातले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. नियम ठीक आहे. पण शाळा, पालक आणि विद्यार्थी या सगळ्यांचे डोळे एकाच आकड्यावर चिकटले आहेत. पहाटेच्या निवांत हवेतला एक तास आणि दुपारच्या आडव्या वाऱ्यातला एक तास, लॉगबुकात दोन्ही सारखेच. बापाने जमीन गहाण टाकून लाखो रुपये भरलेत, विमाने कमी, विद्यार्थी जास्त, पाळी आठवड्याने आलेली. अशा वेळी धावपट्टीच्या टोकाला वारा दाखवणारा विंडसॉक आडवा फडफडत असताना ‘आज नको’ म्हणण्याची हिंमत एकोणीस वर्षांच्या पोराने दाखवावी, अशी अपेक्षा कोण करतो? ती हिंमत शाळेच्या नियमात असली पाहिजे.

वेळापत्रकाच्या हट्टाने काय होते ते ११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतल्या शायेन इथे दिसले. सात वर्षांच्या मुलीच्या हाती विमान देऊन देशभर उड्डाणाचा विक्रम करायचा होता. सोबत वडील आणि इन्स्ट्रक्टर. सहा हजार फुटांवरची धावपट्टी, विमानात जादा वजन, समोर वादळ. पण पुढच्या मुक्कामाला कॅमेरे वाट पाहत होते. टेकऑफनंतर थोड्याच वेळात विमान स्टॉल होऊन पडले, तिघेही ठार. वृत्तमाध्यमांना दिलेल्या वेळा पाळण्याच्या अट्टहासाचे नाव चौकशी अहवालात कारणांमध्ये आले. आपल्याकडे कॅमेरे नसतात. फीचे हप्ते असतात, परवान्याची घाई असते.

२०२५ साली डीजीसीएने देशातल्या उड्डाणशाळांची पहिल्यांदाच प्रतवारी जाहीर केली. वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही. जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला तो १९२९ मध्ये, मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून. शंभर वर्षे होत आली, आणि आपली शाळांची गुणपत्रिका ही अशी!

मे महिन्यातली धावपट्टी

आपल्या उन्हाचे तर कोणी नावच घेत नाही. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवरची दख्खनच्या पठारावरची एखादी धावपट्टी घ्या. मे महिना, पारा ४० अंशांवर. प्रमाण तापमानाच्या वर प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट धरले, तर तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. इंजिनाचा जोर कमी, प्रोपेलरची पकड कमी, धाव लांबते, चढण मंदावते. मीटरवर स्टॉलचा आकडा मात्र तोच असतो. समोर झाडे येत असतात, विमान वर चढत नाही, आणि विद्यार्थी नैसर्गिकपणे नाक वर ओढतो. तिथेच घात होतो.

हा हिशेब मॅन्युअलच्या तक्त्यांतून दहा मिनिटांत निघतो. तो रोज दुपारी फलकावर लिहिणाऱ्या शाळा किती आहेत, हे पालकांनी स्वतः जाऊन पाहावे.

‘पण शेवटी चूक वैमानिकाचीच ना?’

असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर : योकवर हात त्याचा होता, नाकारतो कोण? पण तोच हात तीच चूक ह्यूस्टनमध्ये करतो, शायेनमध्ये करतो, आपल्याकडे करतो, तेव्हा हातापलीकडे पाहावे लागते. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचे नियम स्वतःच सांगतात की चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोषी ठरवणे नाही. आपण नेमके उलटे करतो. दोषी सापडला की चौकशी संपली, आणि पुढच्या अपघातानंतर पहिले पाढे पंचावन्न.

‘खर्च वाढेल’ हा दुसरा आक्षेप. पण उपाय काही नवे नाहीत. फ्रेड विक नावाच्या अभियंत्याने सहसा स्पिनमध्ये जाणारच नाही असे एर्कूप हे विमान बनवले, ते १९४० च्या सुमारास बाजारात आले. पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन दाखवणारे अँगल ऑफ अटॅक इंडिकेटर छोट्या विमानांत बसवणे सोपे जावे म्हणून अमेरिकेने २०१४ मध्येच नियम सैल केले. माहिती जुनी, यंत्र उपलब्ध. अडले कुठे, ते खर्चाचा मुद्दा काढणाऱ्यांनी सांगावे.

‘स्पिनमधून बाहेर पडायला शिकवा’ हा तिसरा सूर. जरूर शिकवा, पण उंचावर. पाचशे फुटांवर ती विद्या वापरायला जागाच नाही. तिथे एकच विद्या कामाची : स्टॉल येतोय हे आधी ओळखणे आणि योक पुढे सोडणे.

आमच्या मागण्या

१. गो-अराउंड केल्याबद्दल कोणाचीही खिल्ली, दंड किंवा जादा आकारणी नको. उतरणे जमत नाही हे वेळेत ओळखणाऱ्याला इन्स्ट्रक्टरने सर्वांसमोर शाबासकी द्यावी.

२. सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, सोडण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याकडून सुरक्षित उंचीवर, इन्स्ट्रक्टरसोबत, हुकलेल्या शेवटच्या वळणाचा आणि उतरण्यासाठी जुळवलेल्या तोलावर (ट्रिम) इंजिनाला पूर्ण जोर (थ्रॉटल) दिल्यावर उसळणाऱ्या नाकाचा सराव करून घ्यावा. पाय आणि बॉल यांवर गुण द्यावेत.

३. प्रत्येक टेकऑफआधी मोठ्याने बोलून ठरवावे : इंजिन गेले तर नाक आधी खाली, समोरच्या मोकळ्या जागेत उतरायचे, ठरलेल्या उंचीखाली मागे वळायचे नाही.

४. उष्णता, हवेची घनता, लागणारी धाव आणि सोलो विद्यार्थ्यासाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा रोज फलकावर लिहावी. मर्यादा ओलांडली की उड्डाण बंद, कोणाचाही फोन आला तरी.

५. शिकाऊ विमानांत अँगल ऑफ अटॅक इंडिकेटर टप्प्याटप्प्याने बसवावेत. सुरुवात राज्यातल्या शाळांनी स्वतःहून करावी.

६. अपघाताचा प्रत्येक अंतिम अहवाल वर्गात वाचून दाखवावा आणि त्यानंतर शाळेने काय बदलले ते लेखी जाहीर करावे. आसपासच्या गावांसाठी त्याचा मराठी गोषवारा ग्रामपंचायतीत लावावा. विमाने त्यांच्याच डोक्यावरून उडतात.

पालकांनो, विद्यार्थ्यांनो

फी भरण्याआधी ब्रोशरवरचे गणवेशातले फोटो पाहू नका. तीन प्रश्न विचारा : गेल्या वर्षी तुमच्याकडे किती वेळा वाऱ्यामुळे उड्डाणे रद्द झाली? आडव्या वाऱ्याची लेखी मर्यादा दाखवता का? मागच्या घटनेनंतर तुम्ही काय बदलले? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर चेक खिशात ठेवून परत या. रद्द उड्डाणांचा आकडा शून्य असेल, तर ती शाळा वाऱ्याला भीत नाही असे समजू नका. ती तुमच्या मुलाच्या जिवाचा हिशेब ठेवत नाही, एवढेच समजा.

विद्यार्थ्यांनो, बॉल बाहेर जातोय, वळण हुकतेय, पोटात गोळा येतोय, तेव्हा योक ढिला करा, पंख सरळ करा, थ्रॉटल पूर्ण द्या, वेग येईपर्यंत नाक आवरा आणि वर निघा. रेडिओवर कोण काय म्हणतेय ते नंतर. फी, पाळी, परवाना, घरचे कर्ज, सगळे नंतर. दुसऱ्यांदा उतरायला धावपट्टी तिथेच असते.

शाळाचालकांनो, डीजीसीएच्या अधिकाऱ्यांनो, पुढच्या अहवालात ‘ताबा सुटला’ एवढे लिहून थांबू नका. त्याच्या खाली ‘का’ लिहा, आणि ‘का’च्या खाली शाळेने काय बदलले ते तारखेसह लिहा. आम्ही वाचणार आहोत.

*— विमान शिकणारे, शिकवणारे आणि धावपट्टीशेजारी राहणारे काही नागरिक*

*(हे पत्रक वाचून पुढे द्या. छापून फलकावर लावण्यास मुभा आहे.)*