थायमसविना जन्म : उपचार आहे, पण कोणासाठी?

छातीत, हृदयाच्या किंचित वर असलेल्या थायमस ग्रंथीला १९६१ पर्यंत वैद्यकशास्त्रात फारसे कोणी विचारत नव्हते. त्या वर्षी जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून पाहिली. ही पिले संसर्गाला बळी पडू लागली आणि त्यांची शरीरे परकी त्वचाही नाकारेनात. अस्थिमज्जेत जन्मलेल्या अपक्व पेशी थायमसमध्ये येऊन टी-पेशी होतात. आपले कोण व परके कोण, याची ओळख त्यांना येथेच पटते. जन्मतःच ही ग्रंथी नसलेली बालके उपचाराविना बहुधा दोन-तीन वर्षांपलीकडे जगत नाहीत.

अमेरिकेत दरवर्षी अशी साधारण १७ ते २४ बालके जन्मतात. काहींच्या बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो, काहींत अन्य जनुकीय दोष असतात. इतर गंभीर प्रतिकारदोषांत अस्थिमज्जा प्रत्यारोपण तारते. येथे ते अपुरे पडते. बियाणे सदोष असेल तर बदलता येते, पण येथे जमीनच नाही.

ही जमीन उसनी आणण्याचे काम ड्यूक विद्यापीठात डॉ. लुईस मार्कर्ट यांनी १९९३ पासून चालवले. लहान बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेत वाट मोकळी करण्यासाठी थायमसचा काही भाग काढावा लागतो. एरवी टाकून दिला जाणारा हा भाग पालकांच्या संमतीने घेऊन, दोन-तीन आठवडे प्रयोगशाळेत जोपासून रुग्णाच्या मांडीच्या स्नायूत बसवला जातो. नव्या टी-पेशी घडायला सहा महिने ते वर्ष, कधी अधिकही लागते. तोवर मुलाला जपून, एकांतातच ठेवावे लागते. तरीही दोन वर्षांनंतर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे ७६ टक्के आहे. एरवीच्या जवळजवळ निश्चित मृत्यूशी तुलना केली, तर हे यश थोडे नव्हे.

उत्पादनाविषयीच्या शंकांमुळे २०१९ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने परवानगी रोखली होती. ती ८ ऑक्टोबर २०२१ रोजी मिळाली. मात्र ‘रेथिमिक’ या नावाने बाजारात आलेल्या या उपचाराची किंमत २७ लाख डॉलरच्या वर ठेवण्यात आली. दान म्हणून मिळालेल्या ऊतीचे असे मोल व्हावे, हे खटकते. दीर्घ संशोधनाचा व गुणवत्ता-चाचण्यांचा खर्च मान्य केला तरी खटकते.

भारतात प्रश्न याच्याही अलीकडचा आहे. आपल्याकडे जन्मताच बीसीजी टोचली जाते. ही जिवंत लस टी-पेशी नसलेल्या बाळाला घातक ठरू शकते. टी-पेशींचा अभाव टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून ओळखणारी चाचणी अमेरिकेच्या सर्व राज्यांत २०१८ अखेर सुरू झाली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती नाही. मुंबईतील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत असे दोष ओळखण्याचे कौशल्य आहे, पण तेथवर बाळ पोहोचले तर. दुर्मीळ आजारांच्या धोरणानुसार कमाल मदत ५० लाख रुपये. हा उपचार मात्र २२ कोटींच्या घरात जातो. त्यामुळे निदानाला अर्थच काय, असे कोणी म्हणेल. पण वेळेवर निदान झाले तर निदान ती लस तरी टाळता येते, आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बऱ्या होऊ शकणाऱ्या कितीतरी अधिक बालकांचा शोध त्याच चाचणीत लागतो.