गिअरबॉक्स उतरवण्याआधी मल्टिमीटर काढा

'साहेब, गिअरबॉक्स गेला' हे वाक्य ऑटोमॅटिक गाडीच्या मालकाला ऐकवणं आजकाल फारच सोपं झालंय. स्कॅनर लावायचा, स्क्रीनवर पी ०७०० उमटला की गंभीर चेहरा करायचा आणि लाखाच्या घरातला आकडा सांगायचा. मालक बिचारा गप्प. त्याच्या डोळ्यासमोर जळालेल्या क्लच प्लेटा नाचायला लागतात. त्या डब्याच्या आत सोलेनॉइड आहेत, वेग मोजणारे सेन्सर आहेत आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक कॉम्प्युटर आहे, हे त्याच्या गावीही नसतं. माझं स्पष्ट मत असं आहे की यातली बरीच भांडणं तेलातली नसून तारेतली असतात, आणि तार तपासल्याशिवाय गिअरबॉक्स खाली उतरवणं हा शुद्ध आळस आहे.

आधी तो कोड काय म्हणतो ते बघू. पी ०७०० चा अर्थ एवढाच की ट्रान्समिशनच्या कंट्रोलरने इंजिनच्या कंट्रोलरला निरोप धाडलाय, 'माझ्याकडे काहीतरी नोंद झालीय, येऊन बघा.' बस्स. आमच्या धंद्यात 'समथिंग वेंट राँग' असा एक निरुपयोगी एरर मेसेज असतो ना, त्याचाच हा भाऊ. खरी तक्रार आत दुसऱ्या कोडमध्ये असते. उदाहरणार्थ पी ०७५३, म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड 'ए', इलेक्ट्रिकल. आता हे वाचून सोलेनॉइड बदलणारे महाभाग आहेत. पण कोड 'सोलेनॉइड मेला' असं म्हणतच नाहीये! तो म्हणतोय की या सर्किटमध्ये जेवढा करंट जायला हवा तेवढा जात नाही. सर्किटमध्ये फ्यूज आला, वायर आली, कपलर आला, कपलरमधली पिन आली, सोलेनॉइड आला, परतीची अर्थ आली आणि कंट्रोलरमधला ट्रान्झिस्टरही आला. सात संशयितांपैकी एकाचंच नाव माहीत आहे म्हणून त्यालाच फाशी?

अशी तक्रार आली की कंट्रोलर बहुतेक वेळा सगळ्या सोलेनॉइडचा पुरवठा तोडतो आणि गाडी एकाच मधल्या गिअरमध्ये अडकते. लोक म्हणतात, 'बघा, गिअरच पडत नाहीत.' अहो, ती मुद्दाम केलेली सोय आहे. वीज पूर्ण गेली तरी नुसत्या तेलाच्या दाबावर एक पुढचा गिअर आणि रिव्हर्स मिळावा, अशीच हायड्रॉलिक रचना केलेली असते. कशीबशी घरी पोचा, एवढाच तिचा हेतू.

दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे 'गिअर स्लिप होतोय.' कंट्रोलर आत येणाऱ्या शाफ्टचे आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजतो आणि भागाकार करतो. आत २००० आरपीएम, बाहेर १०००, म्हणजे गुणोत्तर २. हे अपेक्षेशी जुळलं नाही की पी ०७३० सारखा कोड येतो आणि क्लच प्लेटांवर आळ येतो. पण भागाकारातला एक आकडाच खोटा असेल तर? हे ओळखायची एक साधी युक्ती मला फार आवडते. स्कॅनरवर दोन्ही वेगांचा आलेख लावून गाडी चालवायची. प्लेट खरोखर घसरत असेल तर रेषा हळूहळू वर सरकते. सेन्सरची वायर सुटत असेल तर २००० वरून सरळ शून्य, आणि पुढच्या क्षणी परत २०००. लोखंडाचा फिरता शाफ्ट डोळ्याची पापणी लवेपर्यंत थांबून पुन्हा तेवढ्याच वेगाने फिरू शकत नाही. जे भौतिकशास्त्रात बसत नाही ते वायरिंगमध्ये शोधावं :-)

आता मल्टिमीटरबद्दल. वायर काढून ओहम मोजणं आणि 'ओके आहे' म्हणणं ही अर्धवट तपासणी आहे, कारण मीटर त्यातून जेमतेम मिलिअँपिअरच्या हिशोबातला करंट सोडतो. समजा कंट्रोलरच्या अर्थची थिंबल गंजलीय आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झालाय. मीटरच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम असतो, त्यामुळे ०.७ दिसलं तरी कुणी दचकत नाही. पण त्याच थिंबलमधून ४ अँपिअर जायला लागले की तिथे २ व्होल्ट खाल्ले जातात. बारा-साडेबारातून दोन गेले म्हणजे कंट्रोलर आणि सोलेनॉइड उपाशीच. म्हणून मोजायचं ते सर्किट चालू असताना. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी कंट्रोलरच्या अर्थवर. तिथे ०.१-०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर चोर सापडला. कोड बिनलोडची वायर तपासून मिळत नाही. आमच्याकडे सुद्धा टेस्ट सर्व्हरवर सगळं हिरवंगार असतं आणि लोड आला की कोसळतं.

तापमानाचंही तसंच. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २५ अंशाला १२ ओहम असलेली कॉइल ९५ अंशाच्या तेलात १५ च्या वर जाते. त्यात कपलरचा रोध मिळवा. गाडी सकाळी गॅरेजमध्ये शहाण्यासारखी वागते आणि तासभर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर रुसते, त्याचं एक कारण हे.

मर्सिडीजचा १९९६ मध्ये आलेला ७२२.६ हा पाच गिअरचा बॉक्स यासाठी प्रसिद्धच आहे. त्याच्या १३ पिनच्या प्लगची रबर रिंग म्हातारी झाली की तेल वायरीच्या आतून दिव्याच्या वातीसारखं चढत चढत थेट कंट्रोलरपर्यंत पोचतं. हा प्लग अगदी किरकोळ किमतीचा. तो न बघता अख्खा गिअरबॉक्स उघडला, तर आत सगळं ठणठणीत दिसणार आणि गाडी तशीच रुसलेली राहणार.

माझ्या एका सहकाऱ्याला पावसाळ्यानंतर एका गॅरेजने एक लाख चाळीस हजारांचं एस्टिमेट दिलं होतं. ओव्हरहॉलचं. एका वयस्कर वायरमनकाकांनी बॅटरीखालची अर्थची थिंबल काढली, पॉलिश पेपरने घासली, पुन्हा आवळली. आठशे रुपये घेतले. सहकाऱ्याची प्रतिक्रिया काय? 'नुसतं घासायचे आठशे?' इथेच खरी मेख आहे, आणि या बाबतीत मी मेकॅनिकच्या बाजूने आहे. आपण पार्टचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. दोन तास बॅटरी टॉर्च घेऊन वायरी चाचपडणाऱ्याला आपण शंभर रुपये द्यायला कुरकुरतो, मग तो पार्ट बदलून पोट भरणारच. शोधकामाचा वेगळा दर लावा, तो आधी सांगा, आणि आपण तो मुकाट द्यावा.

दुसरी अडचण माहितीची. बाहेरच्या गॅरेजला वायरिंगचा नकाशाच मिळत नसेल तर तो काय चाचपडणार? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला तो याच कारणासाठी, सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दल. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समितीही नेमली. माझ्या मते नुसता स्कॅनर खुला करून भागत नाही. कुठली पिन कुठे जाते तो कागद हवा.

तोवर गाडी गॅरेजला देताना एवढं तरी सांगा की कोड आधी पुसू नका. कोडबरोबर त्या क्षणीचा वेग, इंजिनचं तापमान, आरपीएम असा एक फोटो साठवलेला असू शकतो आणि 'क्लिअर' दाबला की तोही जातो. लॉग डिलीट करून बग शोधायला बसणाऱ्या माणसाला आमच्या ऑफिसात चहासुद्धा मिळत नाही. कोड वहीत लिहून घ्या, मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढा, मग कपलर उघडून हिरवी बुरशी, तेल किंवा उंदराचे दात दिसतात का ते बघायला सांगा. बॉक्स उतरवायला जॅक नंतरही लावता येतो.