बी. एड.ची फी भरण्यापूर्वी

कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे भागात पदवी झालेल्या पोरापुढे दोन वाटा दिसतात. एक चाकणच्या कंपनीत कंत्राटी काम, दुसरी बी. एड. मुलगी असली की घरचे दुसरीच धरतात. "गावातल्या शाळेत लागेल," म्हणून गुंठाभर जमीन विकून फी भरली जाते.

पण गावातली शाळा म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. पहिली ते पाचवीला बी. एड. चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. तिथे डी. एड., म्हणजे आताचे डी. एल. एड., लागते. बी. एड.चा उपयोग सहावीपासून पुढे. तेव्हा कोणत्या वर्गाला शिकवायचे, हे आधी ठरवा.

बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. पुढे आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल आणि जागा निघण्याची वाट. नेमणूक झाली तरी तीन वर्षे शिक्षणसेवक. २०२३ च्या वाढीत प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये मानधन ठरले. तोवर घर कसे चालेल, याचा हिशेब मांडा.

एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. प्रवेश सीईटीतून होतो. कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, ते स्वतः बघा.

सरपंच, ग्रामसेवकांनीही एवढी माहिती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. मास्तरकी चांगलीच आहे. पण विकलेला गुंठा या पट्ट्यात पुन्हा घेता येत नाही.